उभे असलेले, डावीकडून

प्रस्तुत लेखकाच्या गावातलं इतिहास संग्रहालय एसटी स्टँडच्या बरोबर समोर आहे, आणि त्याला जे काही प्रेक्षक लाभतात ते या एकाच कारणामुळे. गाडी लागायला अवकाश असला की माणूस पिशवी सांभाळत आत येतो, दारातल्या दोन वीरगळांकडे न बघता पंख्याखालची जागा हेरतो आणि तिकीट खिडकीवरच्या तात्यांना विचारतो, "विट्याची किती वाजता?" तात्यांना सगळ्या गाड्या पाठ आहेत, मुक्कामाच्यासुद्धा. वीरगळ कुठल्या शतकातला हे मात्र ते पाटी वाचून सांगत. पाटीवरचा आकडा पुसला गेल्यापासून "जुना आहे" एवढंच सांगतात.

अशा ठिकाणी कलाप्रदर्शन भरवायची कल्पना नव्याने रुजू झालेल्या क्युरेटर मॅडमना सुचली. माडीवर गावाची जुनी छायाचित्रं, खाली स्थानिक चित्रकारांची चित्रं. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष अण्णा यांनी दोनच प्रश्न विचारले: चहाचा खर्च कोण करणार आणि उद्घाटनाला फेटे असणार का. दोन्हींची उत्तरं समाधानकारक निघाल्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. दिवाळी अंकात लिहिणारा माणूस म्हणून प्रस्तुत लेखकाला फोटोओळी लिहायचं काम मिळालं. "तुम्हाला काय," अण्णा म्हणाले, "दोन-दोन ओळी तर खरडायच्यात." लेखकाने ते नम्रपणे मान्य केलं. पुढच्या महिनाभरात त्याने आयुष्यात जेवढ्या शिव्या खाल्ल्या नव्हत्या तेवढ्या त्या दोन-दोन ओळींपायी खाल्ल्या.

गावाला आवाहन केलं: घरातली जुनी छायाचित्रं आणून द्यावीत, प्रदर्शन संपल्यावर सुखरूप परत मिळतील. मॅडमच्या डोळ्यांसमोर नदीचा पूर, दगडी पूल, जनावरांचा बाजार, पडायच्या आधीची वेस असं काहीबाही होतं. आली ती लग्नं. पिशव्याच्या पिशव्या भरून लग्नं. मुंडावळ्या बांधलेली, घाबरलेली, शेजारी बसलेल्या माणसाची ओळख अजून व्हायची आहे अशा चेहऱ्यांची जोडपी. उरलेले फोटो भिंतीवरून थेट उतरवून आणलेले होते. काचेवर कुंकवाचं बोट, चौकटीला चंदनाचा हार. एका घराने तर पणजोबा आणले ते त्यांच्या लाल बल्बासकट, वायर आणि पिन जोडलेली. आणणाऱ्या मुलाने बजावलं, "बल्ब चालू ठेवा हं. आजी येऊन बघणार आहे."

जुन्या फोटोंतली माणसं इतकी रागावलेली का दिसतात, असं एका शाळकरी मुलीने विचारलं आणि लेखकाला ज्ञान पाजळायची संधी मिळाली. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका चित्रासाठी काही मिनिटं हलता येत नसे; मान स्थिर राहावी म्हणून स्टुडिओत मागून लोखंडी चिमटा लावत. हे वेड आपल्याकडेही लगेच पोचलं. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. पुढे काचा सुधारल्या, भिंगं सुधारली, क्षणात फोटो निघू लागला. "पण आपल्या पणजोबांना हे कुणी कळवलं नाही," लेखक म्हणाला, "त्यामुळे ते चिमट्याशिवायच ताठ बसत राहिले." मुलगी हसली नाही. तिचे वडील मागेच उभे होते. "पणजोबा आमचे आहेत," ते म्हणाले, "आणि ते स्वभावानेच तसे होते."

या ढिगाऱ्यात एक रत्न सापडलं. करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कोपरे उंदरांनी चाखलेला ग्रुप फोटो. खाली पांढऱ्या शाईत 'स्नेहसंमेलन, १९४१' आणि त्याखाली सुबक अक्षरात नावं. 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून', 'उभे असलेले, डावीकडून', 'खाली बसलेले, डावीकडून'. लेखक हरखला. याची फोटोओळ आयतीच मिळाली होती. त्याने ती टाइप केली आणि सवयीने नावं मोजली. चौदा. मग डोकी मोजली. पंधरा.

परत मोजली. मॅडमनी मोजली. तात्यांनी बोट लावून मोजली, त्यामुळे काचेवर पंधरा ठसे उमटले. मागच्या रांगेत कुठेतरी एक माणूस जास्त होता, आणि तो नेमका कोणता हे कळायला मार्ग नव्हता. कारण एका जागी जरी चूक झाली तरी तिथून पुढची सगळी नावं एकेका डोक्याने सरकत होती. म्हणजे गावातल्या सहा प्रतिष्ठित घराण्यांचे आजोबा गेली ऐंशीहून जास्त वर्षं शेजारच्याच्या नावाने ओळखले जात असण्याची दाट शक्यता होती.

ही गोष्ट गुप्त ठेवायचं ठरलं. संध्याकाळपर्यंत ती भाजी मंडईत पोचली.

दुसऱ्या दिवसापासून वारस येऊ लागले. एक नाना भिंग घेऊन आले आणि मागच्या रांगेतला चौथा माणूस हा आपला बाप, असं त्यांनी नाकावरून सिद्ध केलं. अर्ध्या तासाने दुसऱ्या आळीचे एक काका आले. त्यांनी त्याच नाकावर हक्क सांगितला. दोघांची नाकं शेजारी शेजारी धरून पाहिली असता दोन्ही फोटोतल्या नाकाशी जुळत नव्हती, एकमेकांशी मात्र हुबेहूब जुळत होती. त्यावर कुणी काही बोललं नाही. तात्यांनी चहा मागवला.

त्याहून अवघड तंटा सतरंजीचा होता. ग्रुप फोटो म्हणजे गावची उतरंड असते. खुर्चीवर बसलेले ते मोठे, मागे उभे ते होतकरू, आणि खाली सतरंजीवर मांडी घातलेले ते कशाला बोलावले कोण जाणे. एका निवृत्त मामलेदारांनी आपल्या आजोबांच्या बाबतीत 'खाली बसलेले' या शब्दांना लेखी हरकत घेतली.

"आमचे आजोबा कधी खाली बसत नसत."

"पण काका, फोटोत बसलेत."

"फोटो चुकीच्या वेळी काढलाय."

शेवटी 'पुढील रांगेत विराजमान' अशी तडजोड निघाली. ती वाचून खुर्चीवाल्यांच्या नातवंडांनी हरकत घेतली.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. पाहुणे दीड तास उशिरा आले, ते वेळेवरच म्हणायचे. समईच्या वाती पंख्याने विझत होत्या म्हणून पंखे बंद केले, पंखे बंद केल्यावर एसटीवाले प्रेक्षक उठून गेले आणि सभागृह निम्मं झालं. फीत कापायची वेळ आली तेव्हा ताटात हळदकुंकू होतं, फुलं होती, कात्री नव्हती. फेट्यातल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. अण्णा कडाडले, "पुण्यात दिनकर केळकरांनी एकट्याने २० हजारांच्या घरात वस्तू जमवल्या, दिवे काय, अडकित्ते काय, आणि आपल्याला एक कात्री सापडू नये?" अडकित्ते हा शब्द कानी पडताच तात्या हलले. त्यांनी भिंतीलगतचं कपाट उघडून त्यातला नक्षीचा पितळी अडकित्ता पाहुण्यांच्या हाती ठेवला. मॅडम ओरडल्या, "अहो, तो नोंदवहीतला आहे!" पण तोवर फीत कचकन तुटली होती. टाळ्या पडल्या. शंभराहून अधिक वर्षांत त्या अडकित्त्याला सुपारीखेरीज काही मिळालं नव्हतं. नोंदवहीत त्याच्या शेऱ्याच्या रकान्यात आता 'वापरात' असं लिहावं का, यावर मॅडम अजून विचार करताहेत.

आत गेल्यावर पाहुणे दारातच थबकले. "लाइट गेली का?"

लाइट होती. मॅडमनी ती मुद्दाम कमी केली होती. जुनी छायाचित्रं आणि जलरंग उजेडाने फिके पडतात आणि गेलेला रंग परत येत नाही, म्हणून अशा चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देऊ नये, असा जगभरच्या संग्रहालयांचा रिवाज आहे. हे त्यांनी समजावून सांगितलं. पाहुण्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि मोबाइलचा टॉर्च लावून पणजोबांच्या डोळ्यांत मारला. आठवडाभर सगळा गाव तसाच टॉर्च मारत हिंडला. दिव्यांपेक्षा अंधारानेच फोटोंवर जास्त उजेड पडला. संग्रहालयशास्त्राच्या दृष्टीने प्रदर्शनातली सर्वोत्तम वेळ गुरुवारची दुपार, कारण त्या दिवशी भारनियमन असतं. तेव्हा दालनात फक्त तो लाल बल्ब तेवढा विझलेला दिसे आणि आजी विचारत, "आता का बंद केलात?"

खालच्या दालनात वेगळीच कहाणी. तिथे चित्रकला शिक्षक सरांचं एक भलंमोठं अमूर्त चित्र होतं. निळे पट्टे, त्यात पिवळा ठिपका. तीन दिवसांनी एका पोराने विचारलं, "सर, सही वर का केलीय?" चित्र उलटं टांगलं होतं. मॅडमचा चेहरा उतरला. पण त्या अभ्यासू असल्यामुळे त्यांच्याजवळ सांत्वनाचा साठा मोठा होता. १९६१ साली न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मातीसचं 'ल बातो' हे होडीचं चित्र उलटं लागलं आणि तब्बल ४७ दिवस तसंच राहिलं. लाखभर माणसं समोरून गेली. चूक पकडली ती शेअर बाजारात काम करणाऱ्या एका बाईंनी, आणि ती संग्रहालयाच्या गळी उतरवायला त्यांना थेट वर्तमानपत्र गाठावं लागलं. मोंद्रियानच्या १९४१ सालच्या चिकटपट्ट्यांच्या एका चित्राचं तर असं झालं, की ते कित्येक दशकं उलटं टांगलंय हे जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फमध्ये २०२२ साली लक्षात आलं. पण आता सरळ करावं तर पट्ट्या सुटतील म्हणून तसंच ठेवलं.

सरांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून स्वतःचं चित्र न्याहाळलं. "राहू द्या असंच," ते म्हणाले. "सुलट असताना ठिपका इतका बोलत नव्हता." फक्त सही खाली आली पाहिजे एवढीच अट घातली. ती त्यांनी तिथेच ब्रशने नवी केली. आता चित्रावर दोन सह्या आहेत. पुढेमागे तज्ज्ञांचं भांडण लागायची सोय झाली.

कोपऱ्यात कला महाविद्यालयातल्या एका मुलाची मांडणी होती: चहाचे कागदी कप, बिडीची थोटकं, फाटकी तिकिटं, शीर्षक 'प्रतीक्षा'. पहिल्याच सकाळी सफाईच्या मावशींनी ती झाडून नेली. मुलगा रडवेला झाला. मावशी त्याच्यापेक्षा जास्त संतापल्या. "बावीस वर्षं स्टँडसमोरचं हेच झाडतेय मी. कुणी म्हटलं नाही कला आहे म्हणून." मॅडम पुन्हा मदतीला धावल्या: नेदरलँड्समधल्या लिसे गावच्या लाम संग्रहालयात २०२४ साली लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या तंत्रज्ञाने बिअरचे दोन चेपलेले डबे कचऱ्यात टाकले. ती अलेक्सांद्र लाव्हे या चित्रकाराची, हाताने बारकाईने रंगवलेली कलाकृती होती. संग्रहालयाने कचरापेटीतून डबे शोधून, धुऊन, परत मांडले. मुलाला ही हकीकत आवडली. तो मावशींच्या घंटागाडीमागे धावला आणि 'प्रतीक्षा' घेऊन परत आला. तीत आता केळीची साल वाढली होती. ती ठेवावी असं त्याने ठरवलं.

याच्या उलटही घडलं. कौलं गळत होती म्हणून तात्यांनी जिन्याखाली हिरवी प्लास्टिकची बादली ठेवली. दर काही सेकंदांनी टप्प असा आवाज. पुण्याहून आलेलं एक जोडपं त्या बादलीपुढे बराच वेळ उभं राहिलं. नवरा हलकेच म्हणाला, "काळाचा ठोका आहे." बायकोने फोटो घेतला. अशा वेळी खरं सांगणं अरसिकपणाचं ठरतं, म्हणून प्रस्तुत लेखक गप्प राहिला. २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात दोन पोरांनी गंमत म्हणून जमिनीवर चष्मा ठेवला होता, तेव्हाही लोकांनी वाकून वाकून त्याचे फोटो काढले होते. बादलीने निदान काम तरी केलं.

सगळ्यात मोठा धक्का मात्र कायमच्या संग्रहातून बसला. गावच्या सरदारांचं एक तैलचित्र पिढ्यान्‌पिढ्या 'पेशवेकालीन' म्हणून टांगलेलं आहे. शेजारी प्रदर्शन लागल्यामुळे लोक त्याच्याकडेही टॉर्च मारू लागले, आणि सरदारांच्या पाठीमागे, किल्ल्याच्या उजव्या अंगाला, विजेचा खांब उजेडात आला. अण्णांनी आधी तो ध्वजस्तंभ आहे असं सांगून पाहिलं. ध्वजस्तंभाला तारा नसतात. मॅडमनी मग एल्नची गोष्ट काढली. दक्षिण फ्रान्समधलं छोटंसं गाव, एतियेन तेर्यूस या तिथल्या चित्रकाराच्या नावाचं छोटंसं संग्रहालय. २०१८ साली तपासलं तर १४० पैकी ८२ चित्रं त्याची नव्हतीच! काही चित्रांत तर तो वारल्यानंतर बांधलेल्या इमारती होत्या. एका चित्रावरची सही हातमोजा फिरवल्यावर पुसली गेली. तात्यांनी हिशेब केला. "म्हणजे त्यांची ब्याऐंशी आणि आपलं एकच," ते म्हणाले. "आपण बरे."

माणसं एका चित्रापुढे किती वेळ उभी राहतात, हे न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मोजलं गेलं आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी आली २७ सेकंद, आणि निम्म्या वेळा तर माणसं १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकली होती. आपल्याकडे काय स्थिती आहे ते पाहावं म्हणून प्रस्तुत लेखक खांबाआड उभा राहिला. अनोळखी गावाचं दृश्य असेल तर माणूस चालता चालताच बघत होता. आपली आळी असेल तर थांबत होता. आपलं घर असेल तर ते कोणी कोणाकडून कसं बळकावलं हे सांगून होईपर्यंत चहा येऊन जात होता. आणि आपला माणूस असेल तर घरी फोन लावून, व्हिडिओ कॉलवर पुण्या-मुंबईची, एकदा तर थेट दुबईची भावंडं त्याच्यापुढे उभी केली जात होती.

फोटोओळी कोण वाचतं हे पाहणं हा लेखकाचा खरा हेतू होता, हे कबूल करायला हवं. एकच गृहस्थ त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होते. लेखकाची छाती भरून आली. ते मराठीचे निवृत्त शिक्षक निघाले. त्यांनी खिशातून लाल पेन काढून काचेवरच तीन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि शेवटी गुण दिले. दहापैकी चार.

नाही म्हणायला लेखकाने एकदा औंधचा दाखला देऊन बाजू सावरायचा प्रयत्न केला. यमाईच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभं केलं. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्पसुद्धा आहे. लहान गावातही जग बघायला मिळतं, असा त्याचा मुद्दा होता. नाना म्हणाले, "बघितलंय आम्ही औंध. छान आहे. पण तिथे आमचा कुणी नाही." या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. अभिप्राय वहीतही याच सुरातले शेरे पडले. 'लहान पण छान.' 'आमच्या आत्याचा फोटो वर लावायला हवा होता.' 'पाण्याची सोय उत्तम.' 'विट्याच्या गाडीची वेळ अचूक सांगितली, आभारी आहे.'

समारोपाला स्थानिक वृत्तपत्राचा छायाचित्रकार आला आणि संयोजकांचा ग्रुप फोटो काढायचं ठरलं. खुर्च्या पाच. अण्णा, पाहुणे, मामलेदार, नाना आणि काका त्यांवर इतक्या सहजपणे बसले की जणू जन्मतःच बसले होते. सतरंजीकडे कोणी फिरकेना. अखेर कलेचा तो मुलगा आणि मावशी बसल्या. प्रस्तुत लेखक विनयाने मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला. कोणीतरी "अहो, तुम्ही पुढे या" म्हणेल, अशी त्याची अपेक्षा होती. कोणी म्हणालं नाही. "सरका, सरका, आत सरका," छायाचित्रकार ओरडत होता. "अण्णा, हसा थोडं." अण्णा हसले नाहीत. त्यांची मान अदृश्य चिमट्यात अडकली होती.

दोन दिवसांनी प्रत आली. अण्णांच्या फेट्याच्या तुऱ्यामागे लेखकाच्या डोक्याचा भांगापुरता भाग दिसत होता. नोंदवहीत चिकटवायच्या आधी मॅडमनी ती त्याच्यापुढे सरकवली. "फोटोओळ तुम्हीच लिहा. या वेळी मोजून." त्याने लिहिलं: खुर्चीवर बसलेले, डावीकडून. मग पुढील रांगेत विराजमान, डावीकडून. मग उभे असलेले, डावीकडून. नावं झाली बारा. डोकी मोजली. तेरा.

"मागच्या रांगेतले हे चौथे कोण?"

मॅडमना वाटलं होतं अण्णांचे पाहुणे. अण्णांना वाटलं होतं पेपरवाले. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो जवळ घेतला.

"हे होय? हे विट्याचे. पंख्याखाली उभे होते. फोटोवाला म्हणाला सरका आत, सरकले."

"नाव काय त्यांचं?"

"नाव नाही विचारलं," तात्या म्हणाले. "पण गाडी मिळाली त्यांना. साडेपाचची."